दहापैकी दहा

राजापुरात माझी रक्त तपासणीची छोटी लॅब आहे. ज्या तपासण्या आमच्याकडे होत नाहीत त्यांचे नमुने घेऊन मी आठवड्यातून दोनदा एस.टी.ने रत्नागिरीला जातो. सकाळच्या त्या गाडीवर बहुतेक वेळा दीपाली मांडवकर कंडक्टर असते. बारीक चणीची, तिशीतली. आवाज मात्र असा, की मागच्या सीटवर पेंगणाऱ्यालाही आपल्याला हातखंब्याला उतरायचंय हे आठवतं. माझ्या हातातली थंड पेटी दिसली की ती पुढची एक जागा मोकळी करून देते आणि शेजारी बसणाऱ्याला बजावते, की पेटीवर हात ठेवू नका, आत लोकांचं रक्त आहे. माणूस लगेच सरकून बसतो.

तिचा नवरा विनोद भांडुपला एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. दीपाली आपल्या सासूजवळ, ओणीपासून आत एका वाडीत राहते. सासूचं नाव हौसा. घर, गुरं, थोडी भातशेती आणि शमिका नावाची नात, असं सगळं हौसाबाई सांभाळते, म्हणून दीपालीला पहाटेची ड्युटी करता येते. दीपालीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं. गाडीतल्या ओळखी एवढ्याच असतात.

२०२३च्या नोव्हेंबरात एकदा ती ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच लॅबमध्ये आली. खुर्चीवर बसली नाही. मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "काका, हे खरं असतं की फसवणूक?"

मेसेज मुंबईहून आला होता. तुम्ही काही वर्षांपूर्वी रक्ताच्या मूळपेशी देण्यासाठी नाव नोंदवलं होतं, एका रुग्णाशी तुमचं जुळण्याची शक्यता आहे, कृपया संपर्क साधा. त्याच नंबरवरून दोनदा फोनही येऊन गेला होता. बँकेचा ओटीपी विचारणारे असतात त्यातलाच कोणी असेल म्हणून तिने उचलला नव्हता. मग लांज्याच्या स्टॉपवर उभी असताना तिला एकदम कॉलेज आठवलं. रत्नागिरीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात एक शिबिर झालं होतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, फॉर्मवर सही घेतली, बिस्किटाचा पुडा दिला. मैत्रिणी हसत होत्या, तीही हसली होती. त्याला नऊ वर्षं झाली होती. मधे लग्न, बाळंतपण, नोकरी. ती सही ती साफ विसरून गेली होती. फोन नंबर तेवढा तोच राहिला होता.

मी तो नंबर लावला. पलीकडे एक मुलगी बोलली, रुबिना तिचं नाव. दाते आणि रुग्णालय यांच्यामधला सगळा समन्वय ती बघायची. दोन वाक्यांतच तिच्या बोलण्याचा हेल ओळखू आला. मी विचारलं, तर म्हणाली, "मी खेडची. आमचं घर जगबुडीच्या काठालाच आहे." दीपालीच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरला.

रुबिनाने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. कुठेतरी पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला रक्ताचा कर्करोग आहे. औषधांनी तो आटोक्यात आला, पण राहील असा भरवसा नाही. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथलं त्याचं सगळं बियाणंच बदलावं लागणार आहे, आणि नवं बियाणं दुसऱ्या निरोगी माणसाकडून घ्यावं लागणार आहे. त्याचं नाव, गाव, भाषा, धर्म यांतलं काही सांगता येत नाही. मुलगा आहे, पंधराचा आहे, एवढंच.

मी तीस वर्षं लोकांच्या बोटांतून आणि दंडांतून रक्त काढतोय. रक्तगट चार, त्यात पॉझिटिव्ह निगेटिव्ह, एवढ्यावर माझं दुकान चाललं. पण आपल्या पेशींवर याहून फार बारीक खुणा असतात. शरीर त्या खुणांवरून आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखतं. अशा दहा खुणा डॉक्टर ताडून बघतात. पाच आईकडून आलेल्या, पाच वडिलांकडून. सख्ख्या भावाबहिणींतसुद्धा त्या पुऱ्या जुळण्याची शक्यता चारांत एक. परक्या माणसाशी जुळायच्या तर लाखो नावांची यादी चाळायची, आणि कित्येकांना त्या यादीतही कोणी सापडत नाही.

दीपाली सगळं ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "माझ्या किती जुळतात?"

रुबिना म्हणाली, "आमच्याकडच्या नोंदीप्रमाणे दहापैकी दहा. पण ते पुन्हा रक्त घेऊन पक्कं करावं लागेल."

फोन ठेवल्यावरही दीपाली तशीच उभी होती. तिला एक सख्खा भाऊ आहे, पुण्याला असतो. ती म्हणाली, त्याचं आणि माझं तर नाकसुद्धा जुळत नाही.

मलाही त्या दिवशी काम सुचलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं. त्या मुलाच्या आईने त्याला ज्या पाच खुणा दिल्या त्याच पाच दीपालीला तिच्या आईने किंवा बापाने दिल्या होत्या. उरलेल्या पाचही तशाच. ही चार माणसं एकमेकांना कधी भेटली नसतील. पण त्यांच्या मागे, कितीतरी पिढ्या मागे, एखादं माणूस दोघांचं एकच असणार. आपल्या या अर्जुना नदीतून एकेकाळी गलबतं वर राजापूरपर्यंत यायची. कोण आलं, कोण राहिलं, कोण निघून कुठे गेलं, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. ती नोंद ओणीच्या एका वाडीतल्या बाईच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीवर आली होती.

घरी ही गोष्ट सरळ गेली नाही. विनोद फोनवर घाबरला. हाडातून काहीतरी काढणार म्हणजे पाठ कायमची जाणार, तू आडवी पडलीस तर शमिकाचं कोण करणार, असं त्याचं म्हणणं. दीपालीने समजावून पाहिलं, पण तिलाही सगळं सांगता येईना. शेवटी रक्त पक्कं करायच्या दिवशी ती सासूलाच माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, काका, तुम्ही आईंना सांगा.

हौसाबाई सत्तरीकडे झुकलेली, काटक. हात भात लावून लावून सालटलेले. ती बाकावर बसली आणि मी रुबिनाला फोनवर घेतलं. रुबिनाने सांगितलं, की आता बहुतेक वेळा हाडाला सुई लावत नाहीत. पाच दिवस इंजेक्शन देतात, त्याने मूळपेशी हाडातून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, मशीन त्या पेशी तेवढ्या बाजूला काढतं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. पाच दिवस अंग दुखतं, डोकं दुखतं. फार क्वचित याहून जास्त त्रास होतो, तोही तिने लपवला नाही.

हौसाबाईने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "जेवढा काढतात, तेवढा परत भरता काय?"

रुबिना म्हणाली, "भरतं, मावशी. थोड्या आठवड्यांत पुरं भरतं."

"मग विहिरीसारखाच हाय ता," हौसाबाई म्हणाली. "पाणी काढला म्हणून कोणाची विहीर आटली नाय." मग सुनेकडे वळून, "विनोदाशी मी बोलतंय."

तिने काय बोलणं केलं ते मला माहीत नाही. विनोदचा विरोध संपला एवढं खरं.

मी दीपालीच्या दंडातून रक्त घेतलं, नळ्या भरल्या, रुबिनाच्या माणसाने त्या नेल्या. तीन आठवडे काही नाही. गाडीत भेटली की ती तिकीट देता देता डोळ्यांनीच विचारायची आणि मी मान हलवायचो. डिसेंबरच्या अखेरीस रुबिनाचा फोन आला. दहापैकी दहा पक्कं झालं होतं. पण डॉक्टरांनी दुसऱ्या दात्याला निवडलं होतं.

तेव्हा आम्हाला कळलं की यादीतून एकटी दीपाली निघाली नव्हती, चौघं निघाले होते. चौघांच्याही खुणा त्या मुलाशी मिळत होत्या. मग निवड कशी करायची, तर आधी वय बघतात. दाता जितका तरुण तितकं रुग्णाच्या पदरात जास्त पडतं. मग पुरुष की बाई. मग पूर्वी एखाद्या ठराविक विषाणूचा संसर्ग होऊन गेलाय का, वजन किती, रक्तगट कोणता. चौघांत एक मुलगा पंचविशीच्या आतला होता. त्याला पहिला धरला. दीपालीला राखीव ठेवलं.

तिला हे लागलं. ती रागावली नाही, पण दोन-तीन खेपा माझ्याशी धड बोलली नाही. मग एकदा रत्नागिरीच्या स्टँडवर गाडी लागली असताना स्वतःच म्हणाली, "काका, मी रुबिनाला विचारलं माझ्यात काय कमी होतं. ती म्हणाली काही कमी नाही, पण तुम्हाला मूल झालंय. म्हणजे शमिकामुळे माझा नंबर गेला. हे काय असतं?"

मी तिला स्टँडवरच्या बाकावर बसवून सांगितलं. पोटात मूल असतं तेव्हा त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. मुलाचं निम्मं बापाचं असतं, म्हणजे आईच्या शरीराला ते निम्मं परकं. आईचं रक्त ते परकेपण ओळखायला शिकतं आणि काही बायकांत ती ओळख पुढे कितीतरी वर्षं राहते. असं शिकलेलं रक्त दुसऱ्याच्या अंगात गेलं तर तिथे ते जास्त भांडण्याची भीती असते. म्हणून शक्य असेल तर मूल न झालेला दाता घेतात. त्यात आईचा दोष काही नाही.

दीपाली म्हणाली, "म्हणजे शमिका अजून माझ्या रक्तात आहे?"

मी म्हटलं, तिच्या थोड्या पेशीही असतील. कित्येक आयांमध्ये अशा पेशी वर्षानुवर्षं सापडल्यात.

ती हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मग उठली, घंटा मारली आणि ओरडून लांजा, राजापूरच्या लोकांना गाडीत बोलावलं. त्यानंतर तिने राखीव असण्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रुबिनाचा फोन पुन्हा आला. पहिला दाता आता देऊ शकणार नव्हता. का, ते तिने सांगितलं नाही, सांगायचं नसतं. तो पळाला असेल असं समजू नका, एवढं मात्र ती आवर्जून म्हणाली. मुलाची तब्येत ठरलेल्या तारखेपलीकडे थांबण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा यादी समोर घेतली होती आणि दीपालीचं नाव वर आलं होतं. तिला मूल झालं होतं खरं, पण तिच्या रक्तात त्या मुलाला बाधेल अशी कुठलीही शिकवण सापडली नव्हती. त्या विषाणूच्या तपासणीचा निकालही दोघांचा सारखाच निघाला. रक्तगट वेगळा होता, तिचा बी, त्याचा ओ. पण ते अडत नाही.

त्या दिवशी फोन माझ्या लॅबमध्येच स्पीकरवर होता. दीपाली, हौसाबाई आणि मी, तिघंही समोर होतो. रुबिनाचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता.

"ताई, एक नीट ऐका. तुमच्या तारखेच्या आठवडाभर आधी त्या मुलाला औषध सुरू होईल. त्या औषधाने त्याचं स्वतःचं रक्त बनणं पूर्ण थांबतं. ते परत सुरू होत नाही. त्यानंतर तुमच्या पेशी पोचल्या नाहीत तर तो वाचणार नाही. तुम्ही आत्ता नाही म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही, कोणीच बोलणार नाही. पण औषध सुरू झाल्यावर नाही म्हणू नका."

दीपालीने सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ती फोनकडे बघत होती.

"मी येणार," ती म्हणाली. "त्याला सुरू करू दे."

मुंबईला जाऊन तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. छाती, हृदय, यकृत, सगळं ठीक निघालं. तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली. आता तिने एकच करायचं होतं, आजारी पडायचं नव्हतं. ताप नको, पडणं नको, अपघात नको. दिवसाला चारशे माणसांत उभी राहणारी बाई, आणि त्या महिन्यात राजापुरात सर्दीतापाची साथ.

ही गोष्ट आगारात तिने कोणालाच सांगितली नव्हती. पण रजेच्या अर्जात कारण लिहावं लागलं, आणि आगारात गोष्ट लपत नाही. तिच्या गाडीवर ड्रायव्हर असायचे फारुकभाई, साखरी नाटे गावचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्यांनी अर्जाचं ऐकलं आणि आपणहून आगार व्यवस्थापकांकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून दीपालीला गाडीवरून काढून आगारातल्या पासच्या खिडकीवर बसवलं. खिडकीला काच होती. फारुकभाई प्रत्येक खेपेनंतर तिथे एक चक्कर मारायचे. कोणी शिंकलं की त्याला म्हणायचे, "भावा, लांब जाऊन शिंक. हिच्या तब्येतीवर एका पोराची तब्येत टांगलीय." एका वाहतूक नियंत्रकाला खोकला होता, तो बिचारा पंधरा दिवस आठवणीने दुसऱ्या दाराने ये-जा करत होता. मी त्या दिवसांत दोनदा आगारात गेलो होतो. शंभर-सव्वाशे माणसांचं आगार एका अनोळखी मुलासाठी आपला खोकला गिळून बसलेलं मी पाहिलं. असं दृश्य मी यापूर्वी पाहिलं नव्हतं.

मुलाला औषध सुरू झाल्याचा निरोप एका सोमवारी सकाळी आला. त्या दिवशी दीपाली जेवली नाही. हौसाबाईने तिला दटावलं, की आता तू दोन जिवांची आहेस, खा. ही गोष्ट हौसाबाईनेच मला नंतर सांगितली. तिला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

पहिली तीन इंजेक्शनं राजापुरातच एका डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाली. दुसऱ्या दिवसापासून तिची कंबर, पाठ, मांड्या ठणकायला लागल्या. छातीच्या मधल्या हाडातही कळ यायची. ती म्हणाली, दिवसभर घाटात उभं राहून दुखतं तसं नाही, हे आतून वर ढकलल्यासारखं दुखतं. तिसऱ्या दिवशी तिचं रक्त तपासायला माझ्याकडे आलं. निरोगी माणसाच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात पांढऱ्या पेशी सात-आठ हजार. तिच्या चाळीस हजारांवर गेल्या होत्या. मी मशीनवर विश्वास न ठेवता काच तयार केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. एरवी हाडाबाहेर न येणाऱ्या कोवळ्या पेशी तिथे गर्दी करून होत्या. एवढ्या पेशी मी आजवर फक्त आजारी माणसांत बघितल्या होत्या आणि बघताना वाईटच वाटलं होतं. इथे एक धडधाकट बाई बाहेर बाकावर बसून डबा खात होती आणि तिचं रक्त दुसऱ्या कोणासाठी तरी भरून आलं होतं. मी काच बराच वेळ हलवली नाही.

त्याच दुपारी फारुकभाईंनी आपल्या भाच्याच्या गाडीतून दीपालीला राजापूर रोड स्टेशनवर सोडलं. बरोबर हौसाबाई होती. विनोदने मी येतो म्हटलं होतं, पण हौसाबाईने त्याला सांगितलं, की तू स्टेशनावर घ्यायला ये, हिच्याजवळ मी बसणार. शमिका शेजाऱ्यांकडे राहिली.

रुग्णालयात काय झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. दीपालीच्या सांगण्यात मशीन होतं. दोन्ही हात सरळ ठेवून पाच तास पडून राहायचं, ओठांना मुंग्या येतात, मग नर्स कॅल्शियमची गोळी देते, नाक खाजलं तर दुसऱ्याला सांगावं लागतं. हौसाबाईच्या सांगण्यात वर टांगलेली पिशवी होती. रक्त या हातातून जातं, त्या हातातून येतं, आणि मधे त्या छोट्या पिशवीत थेंब थेंब साचतं. रंग टोमॅटोच्या सारासारखा. ती पाच तास स्टुलावरून उठली नाही. नर्स म्हणाली, आजी, चहा घेऊन या. हौसाबाई म्हणाली, माझा लक्ष हाय ता असू दे.

संध्याकाळी पेशी मोजल्या तर कमी भरल्या. मुलगा वजनाने चांगला होता आणि दीपाली बारीक. आणखी एक इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीन. त्या रात्री भांडुपच्या खोलीत विनोद बायकोच्या पायाशी बसून तिच्या पोटऱ्या दाबत राहिला. आधी आपण नको म्हणालो होतो याची त्याला लाज वाटत असावी, असं दीपालीला वाटलं. दुसऱ्या दिवशी तीन तासांत हवं तेवढं भरलं, वर थोडं जास्तच.

पिशवीवर लेबलं लावली, दोघांनी आकडे वाचून ताडले, आणि ती एका कडक निळ्या पेटीत ठेवली. पेटी न्यायला एक साधासा माणूस आला होता, पायात सँडल, पाठीला सॅक. तो आता ही पेटी हातावेगळी न करता कुठल्यातरी शहरात पोचवणार होता. तो निघाला तशी हौसाबाई स्टुलावरून उठून बाजूला झाली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि माणूस दाराबाहेर जाईपर्यंत तशीच उभी राहिली. पालखी समोरून जाताना उभे राहतात तशी. पेटी कुठे गेली ते तिला माहीत नव्हतं आणि तिने विचारलंही नाही.

दीपाली चौथ्या दिवशी राजापुरात परत आली. आठवड्यात अंगदुखी गेली, महिन्याने मी तिचं रक्त बघितलं तर सगळे आकडे जागच्या जागी होते. ती पुन्हा गाडीवर चढली.

मुलाची बातमी हळूहळू आली. आधी तीन आठवड्यांनी, की पेशी रुजल्या. मग मे महिन्यात, की त्वचेवर आणि पोटात थोडं भांडण झालं होतं, औषधांनी आवरलं. मग पावसाळाभर काहीच नाही. त्या काळात दीपाली मला विचारायची, बातमी नसली म्हणजे काय समजायचं? ऑक्टोबरात कळलं, की तो घरी आहे.

एकदा गाडीत मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. सांगू की नको असं बरेच दिवस वाटत होतं. त्या मुलाच्या अंगात आता जेवढं रक्त बनतं ते तिच्या पेशींपासून बनतं. त्याचा रक्तगट ओ होता, आता बी असणार. आणि कोणी त्याचं रक्त प्रयोगशाळेत नेऊन नुसत्या पेशींवरून विचारलं की हे पुरुषाचं की बाईचं, तर उत्तर येईल, बाईचं. तो मिशी फुटलेला मुलगा असेल, पण त्याच्या रक्तावर खूण तिची असेल, जन्मभर.

दीपालीने हातातलं तिकिटाचं मशीन खाली ठेवलं. गाडी वाटूळच्या चढावर होती. ती म्हणाली, "काका, मला एक मुलगी झाली ती नऊ महिन्यांनी. हा पाच दिवसांत झाला." मग लगेच उठून मागच्या माणसांची तिकिटं काढायला गेली, कारण तिचे डोळे भरले होते.

पत्र आलं ते दीड वर्षानंतर, गेल्या सप्टेंबरात. रुबिनाच्या कार्यालयातून, नाव गाव नसलेलं, मराठीत टाईप केलेलं. मूळ कुठल्या भाषेत होतं ते कळायला मार्ग नव्हता. नियमाने आणखी काही महिने तरी एकमेकांना ओळख देता येत नाही. त्यानंतर दोघांची इच्छा असेल तर भेट होऊ शकते. दीपालीने पत्र आधी घरी हौसाबाईला वाचून दाखवलं, मग माझ्याकडे आणलं. त्याने लिहिलं होतं, की तो परत शाळेत जातो, वर्ग एक वर्ष मागे पडलाय, डोक्यावरचे केस आता कुरळे आलेत. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण डॉक्टर म्हणतात की माझ्यात वाहतंय ते तुमचं आहे, म्हणून मी स्वतःची काळजी घेतो. आणि शेवटी एक विचित्र प्रश्न होता. मला आधी कसलीच ॲलर्जी नव्हती. आता काजू खाल्ले की अंगावर गांधी उठतात. तुम्हाला काजू चालतात का?

दीपालीने मान वर केली. राजापूर तालुक्यात प्रत्येक घरामागच्या परड्यात काजू आहे. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी ओल्या काजूची उसळ होते. आणि ही बाई लहानपणापासून काजू खाऊ शकत नाही. एक गर तोंडात टाकला तरी मानेवर, दंडांवर गांधी उठतात. तिने हे कोणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते नव्हतंच. मी रुबिनाला त्या मुलाच्या डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगितलं. त्यांनी कळवलं, की असं होऊ शकतं, क्वचित होतं, पण यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही.

छातीठोक सांगायची आम्हालाही गरज वाटली नाही. मी लॅबमध्ये बसून होतो, समोर ती पत्र धरून बसली होती, आणि मला माझ्या तीस वर्षांच्या धंद्याचीच भीतीयुक्त नवलाई वाटत होती. किती नळ्या मी धुतल्या, किती रक्त मोरीत सोडलं.

उत्तर लिहायला तिला आठ दिवस लागले. राजापूर लिहायचं नाही, एस.टी. लिहायची नाही, नाव लिहायचं नाही. मग राहतं काय, ती म्हणाली. हौसाबाईने सुचवलं, की त्याला सांग, जेवत जा. शेवटी चार ओळी झाल्या. तू बरा आहेस हे वाचून बरं वाटलं. अभ्यास कर, पण जागरण करू नकोस. वेळेवर जेवत जा. काजू खाऊ नकोस, मलाही चालत नाहीत.

रुबिनाने नियमाप्रमाणे पत्र तपासलं. त्यातलं एकही अक्षर न खोडता तिने ते पुढे पाठवलं.